लेथ आणि ओढणी

यवत, ६ जानेवारी २०२५

चि. तेजश्री हिस सुरजदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे फोन मी उचलत नाही आणि तुला ब्लॉकही केलंय, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. पण आत्या आईपाशी रडली आणि आई म्हणाली, फोन नको तर चार ओळी तरी लिही. म्हणून हे पत्र.

त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथला, सीएनसी मशीनला टेकून काढलेला तुझा फोटो सगळ्या भावकीत फिरला. कोरेगाव भीमाच्या कंपनीने तुला सेटर केलं, म्हणजे टूल लावून, मापं भरून पहिला जॉब, पहिला तयार तुकडा, आता तू काढून देणार. चांगलं झालं. खोटं कशाला लिहू, माझ्या पोटात दुखलं. नऊ वर्षं मी आबांच्या वर्कशॉपात हातलेथवर उभा आहे. तापलेला कीस उडून शर्टांची चाळण झाली. तू एसीत बटणं दाबतेस आणि कौतुक तुझं. आबासुद्धा गिऱ्हाइकांना तोच फोटो दाखवतात. माझा त्यांनी कधी काढलाही नाही.

इकडे काम कमी झालंय. ट्रॉलीच्या पिना आता तुमच्या बाजूनं तयार येतात. तूच करत असशील.

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, पण सध्या मुठीत धरलाय.

सुरजदादा


वडगाव रासाई, ११ जानेवारी

ती. सुरजदादास सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हसू आलं. एसी साहेबांच्या केबिनला आहे. मी आठ तास उभी असते आणि हाताला लागलेल्या कूलंटच्या तेलकट पाण्याचा वास कुठल्याही साबणानं जात नाही.

पोटदुखी तुझी एकट्याची आहे असं समजू नकोस. मे महिन्यात आम्ही यवतला यायचो, तेव्हा मामा आपल्या वर्कशॉपात तुला लेथवर घ्यायचे आणि मला दारातच थांबवायचे. पोरीची जात, वढणी अडकंल, म्हणायचे. तू चाक फिरवायचास आणि मुद्दाम माझ्याकडे बघायचास. मी इतकी जळायचे की जेवायचे नाही, आणि मामींना वाटायचं मला आमटी आवडत नाही. सीएनसीचं दार लागल्याशिवाय जॉब फिरतच नाही, म्हणून तिथे मला कोणी अडवलं नाही.

आता कामाचं. आमच्याकडे सेटरची आणखी एक जागा निघाली आहे. मी तुझं नाव दिलं. वीस तारखेला ट्रायल आहे, एक शाफ्ट, लोखंडी दांडा, मापात काढून दाखवायचा. एक सांगते, रागावू नकोस. जाडी दोन दशांश मिलिमीटर कमी करायची तर हातलेथवर तुम्ही चाक एकच दशांश फिरवता, कारण लोखंड दोन्ही अंगांनी कमी होतं. सीएनसीत पूर्ण दोन भरायचे, अर्धं ती स्वतः करते. तुझा हात सवयीनं अर्धं करील, तेवढं जप.

मामा-मामींना नमस्कार. मूठ जरा सैल करावी ही विनंती.

तुझी तेजश्री


यवत, १५ जानेवारी

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

येतो. आबांनी सांगितलं म्हणून येतो, तू नाव दिलंस म्हणून नाही. आणि लेथकाम मला तू शिकवू नकोस. तुला त्रैराशिक कोणी शिकवलं ते आठव.

लोभ उगीच वाढवू नये.

सुरज


वडगाव रासाई, २३ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

ट्रायल झाल्यावर तू निकालाला न थांबता गाडी पकडलीस, म्हणून लिहिते. मी बाजूला उभी राहून बघत होते. पहिल्या कटानंतर तू मायक्रोमीटर लावलास, शाफ्ट दोन दशांश जाड होता, आणि तू एकच भरलास. मला ओरडावंसं वाटलं, पण ट्रायलला बोलायची बंदी. जाड राहिलेला जॉब पुन्हा कापता येतो, एवढाच धीर. तू परत मोजलंस, माझ्याकडे बघून दात-ओठ खाल्लेस आणि उरलेला एक भरलास. माप नेमकं आलं. साहेब म्हणाले, गडी आपली चूक आपणच धरतो, घेऊन टाका.

पण पहिले तीन महिने तू शिकाऊ आणि शिकवणार मी. हे तुझ्या गळ्याखाली उतरणार नसेल तर लगेच कळव, जागा दुसऱ्याला जाईल. येणार असशील तर माझी फी आहे. मला मामांच्या लेथवर एक जॉब काढायचा आहे. मामांना विचारायची माझी अजून छाती होत नाही. तू विचार.

उत्तराची वाट बघते. लोभाचं तू बघ.

तेजश्री


यवत, २७ जानेवारी

चि. तेजश्री हिस आशीर्वाद. एक तारखेपासून तुला बाई म्हणायचं की मॅडम, ते तूच ठरव.

येतो. गिळायला जड गेलं, आईनं दोनदा पाणी दिलं.

तुझ्या फीचं आबांना विचारलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, तिला म्हनावं, गुरवारी सुट्टी आसंल तवा ये, आन् वढणी घरी ठिवून ये. एवढं बोलून डिझेलचा बोळा घेतला आणि लेथ पुसायला लागले. तुझ्या हाताला जड जाऊ नये म्हणून चाकाला तेल घातलं. तुझी उंची कमी म्हणून उभं राहायला लाकडी पाट शोधून आणला, त्याच्यावर स्वतः उभं राहून बघितलं, डुगडुगतोय का.

नऊ वर्षांत माझ्यासाठी त्यांनी त्या लेथला एकदाही बोळा लावला नाही. मी बघत होतो आणि पोटात पुन्हा तसंच दुखलं. मग लक्षात आलं, मी नेमका तुझ्या मे महिन्यातल्या जागेवर उभा होतो.

गुरुवारी ये. आईनं आमटीला दुसरा मसाला काढलाय. लोभ मुठीतून सोडला, जळणं तेवढं राहू दे.

दारातला,
सुरजदादा