कपाटातले तीस लॅपटॉप

७ जुलै, सोमवार
आजपासून लॅपटॉपचा चार्ज माझ्याकडे. तीस नग. एका कंपनीने आमच्या भांडुपच्या शाळेला नववीच्या पोरांसाठी फुकट दिलेत. अट एकच. दहा ऑक्टोबरला त्यांची माणसं येऊन पोरांनी स्वतः केलेलं काम बघणार. नाही दिसलं, तर सगळे उचलून दुसऱ्या शाळेला. मुख्याध्यापिका वसुधाबाई म्हणाल्या, काशीराम सर, तुम्ही सांभाळा. बरोबरच आहे! एकवीस वर्षं चित्रकला शिकवतोय, शाळेचा एक ब्रश हरवलेला नाही. डेड स्टॉक रजिस्टरात नोंद केली. कपाटाला नवं कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला.
संकल्प: एक ओरखडा येऊ द्यायचा नाही.

१० जुलै
कॉम्प्युटर शिकवणारा तो सहदेव. वय सत्तावीस, शर्ट कायम बाहेर. म्हणे लॅपटॉप द्या. कशाला? तर पोरांना शिकवायला! म्हटलं, आधी पोरांचे हात बघ. मधल्या सुट्टीत वडापाव खातात, चटणी तशीच बोटांना. आधी हात धुवायची शिस्त, मग कीबोर्ड. तोंड पाडून गेला. डोक्यात जातो हा माणूस.

२२ जुलै
जबरदस्त आयडिया. प्रत्येकाकडून पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून घेतला. स्पेसबार लाल. झकास! यावर बोटं बसवा, महिन्याभरात खरा देतो म्हटलं. समीक्षा नावाची एक आगाऊ मुलगी विचारते, सर, यावर चुकलं तर कळणार कसं? म्हटलं, तू चुकूच नकोस. वर्गाबाहेर काढली.

१८ ऑगस्ट
समीक्षा परत हजर. त्यांच्या टेकडीवरच्या चाळीत रोज पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं टिकतं, सगळं वहीत लिहिलंय. दोन महिने. याचा ग्राफ करायचाय, घरी फक्त आईचा फोन, तोही रात्री मिळतो, लॅपटॉप द्याल का सर? वहीतलं अक्षर वाईट. आधी ते सुधार म्हटलं.
घरी सुलक्षणाला सांगितलं, आपल्या टीव्हीचा रिमोट बघ, नऊ वर्षं प्लास्टिकात आहे, बटणं अजून नवी. ती म्हणाली, दाबली जातच नाहीत, नवीच राहणार. बायकोला टेक्निकल कळत नाही.

२५ ऑगस्ट, सकाळ ७
गणपतीला गावी निघालो. सहदेवचा फोन, किल्ली ठेवून जा. वा रे वा! म्हणजे माझ्या मागे कपाट उघडायचं! किल्ली माझ्याबरोबर देवगडला येणार.

४ सप्टेंबर
परतलो. वसुधाबाई भर स्टाफरूममध्ये ओरडल्या. गावाला रेंज नाही, त्यात माझी काय चूक? म्हणे आठ दिवस पोरं थांबली होती. दोन महिने थांबलीच होती ना! माझा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. रागाने डबासुद्धा खाल्ला नाही. चहाबरोबर दोन समोसे घेतले, तेवढेच.
संकल्प: दसऱ्यानंतर रोज एक तास, माझ्या देखरेखीखाली.

१ ऑक्टोबर, बुधवार
उद्या सुट्टी, म्हणून शाळेत आजच पाटीपूजन. पहिल्यांदा तीसच्या तीस बाहेर काढले. झाकणं उघडून एकेका कीबोर्डवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पोरं दहा फूट लांब, हात जोडून. काय देखणं दिसत होतं! वसुधाबाईंनीही फोटो काढला. नंतर फुलं काढली. अक्षता कशा झटकणार, देवाच्या आहेत. तशीच झाकणं मिटली आणि दहा-दहाची चळत लावून कपाटात नीट दाबून बसवले.

६ ऑक्टोबर
वाट लागली. अकरा स्क्रीन तडकल्या! सहदेव म्हणतो, मिटलेल्या झाकणात तांदूळ, वर नऊ लॅपटॉपचं वजन, दुसरं काय होणार. असा शांतपणे बोलतो की कानफटात द्यावीशी वाटते. अरे, तांदळाचा दाणा सोसत नाही तो माल कसला? कंपनीलाच पत्र लिहिणार आहे मी. कडक.

१० ऑक्टोबर
कंपनीच्या शर्मिष्ठा मॅडम आल्या. धडके एकोणीस लॅपटॉप टेबलांवर मांडले. त्यांनी नेमकं समीक्षालाच बोलावलं. तिने वही पुढे केली. मॅडम म्हणाल्या, छान आहे गं, आता यात दाखव. ती डाव्या कडेला बघते, उजव्या कडेला बघते, चालूच करता येईना. पुठ्ठ्यावर ते बटण कुणी काढलंच नव्हतं. मॅडमनी तिला काही विचारलं नाही, मला विचारलं. मी शिस्तीबद्दल बोललो. वसुधाबाई खाली बघत होत्या. सहदेवने निदान एक शब्द माझ्या बाजूने बोलायला हवा होता!

१३ ऑक्टोबर, सोमवार
टेम्पो आला. मुलुंडच्या कुठल्याशा शाळेला चाललेत. माणसं कमी म्हणून नववीच्याच पोरांनी दुसऱ्या मजल्यावरून एकेक खाली नेला. मी रजिस्टर घेऊन टेम्पोपाशी उभा. समीक्षा छातीशी धरून आली. देईना. म्हणाली, सर, एकदा उघडून बघू? मी खेकसलो, हात लावू नकोस! म्हणजे तोंडातून निघून गेलं. हातात तर तिच्याच होता. टेम्पोवाल्याने हात पुढे केला, तिने देऊन टाकला आणि पुढचा आणायला वर गेली.
नोंद पूर्ण केली. तीस नग परत. अकरा नादुरुस्त. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून लिहिलं: विद्यार्थ्यांकडून कोणतेही नुकसान झालेले नाही.