दंडावरची चंपा

सांगली, १९४४

आवं धनी,

सुट्टीवर आलात तवा तुमच्या दंडावर 'चंपा' दिसलं. "कराचीला समुद्रकाठी गोंदून घेतलं," म्हणालात. "आमच्या खेचराचं नाव हाय. लढाईत जखमी झालो, तवा त्यानंच पाठीवरनं आणलं."

काल तुमच्या पलटणीतला आकाराम आला. त्याला इचारलं. "व्हय वैनी, खेचरच," म्हणाला, पण मान वर केली न्हाई.

आज कृष्णेच्या घाटावर गोंदायला बसले. तुमचं नाव गोंदून घ्यायचं लय दिसांपासनं मनात हुतं. गोंदणारीण म्हणाली, "मालकाचं नाव सांग." माझ्या तोंडातनं निघालं, "नुसतं फूल काढ, बाई."

हे पत्र टाकत न्हाई. खरंच खेचर असंल, तर मला लाज वाटंल. नसंल, तर तुमी आणिक एक खोटं धाडाल.

तुमचीच,
हरणा