कोरम मोडला, आणि सुनावणीही

मंगळवार संध्याकाळ, शंकर नगर

आज बैठकीतून आम्ही चौघं सदस्य उठून बाहेर आलो. अध्यक्षांनी मंडळाले न विचारता सरकारनं वरून पाठवलेला माणूस सचिव म्हणून बसवला. सरकारी पैशावर चालणारी असली तरी मानवाधिकाराची संस्था आहे ही! चौघं उठलो की कोरम मोडतो, त्याच्या नेमणुकीचा ठराव अडतो. बरोबरच केलं. मग काहून टोचून राहिलं मले?

दाराबाहेर चपला होत्या, फुलवतीबाईंच्या. त्यांचा नवरा पोलीस कोठडीत मेला. त्यांची सुनावणी आजच्याच बैठकीत, ठरावानंतर होती. आमच्या ऑफिसात कोणी चपला काढत नाही. त्यांनी काढल्या होत्या, भिंतीले लावून, नीट.

कोरम मोडला म्हणजे सुनावणीही गेली. उठताना हे माझ्या डोक्यात नव्हतं. की होतं?

आम्हाले पाहून त्या बाकावरून उठल्या, हात जोडले. "हमारा काम हो गया, दीदी?"

मी खाली पाहून म्हटलं, "हव, झालं."

त्यांनी माझ्या पायाले हात लावला. मग चपला उचलल्या आणि अनवाणीच जिना उतरल्या. फाटकाबाहेर गेल्यावर घातल्या. मी वरून पाहत राहिले, हाक नाही मारली.