चौघांचा राक्षस

मी, मेल्रॉय सायमन घोन्साल्विस, वय एकसष्ट, निवृत्त जहाज-फिटर, राहणार उत्तन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दोन कप चहा पिऊन लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काही होत नाही. पण मी जन्मभर इंजिनं उघडून बसवली आहेत, आणि उघडलेलं प्रत्येक इंजिन पुन्हा चालू होतंच असं नाही. म्हणून ही तजवीज.

कलम १. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. वडिलोपार्जित घराचा माझ्या वाट्याचा अर्धा भाग मी माझी पुतणी टिना, म्हणजे धाकटा भाऊ एल्रॉय याची मुलगी, हिला देतो. दोन अर्ध्यांच्या मधल्या दाराला एल्रॉयने त्याच्या बाजूने फ्रीज टेकवून ठेवला आहे, त्याला नऊ वर्षं झाली. फ्रीज त्याचा आहे, माझा त्यावर हक्क नाही. दार मात्र सामायिक आहे, हे नोंदवून ठेवतो.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी आणि चर्चमध्ये मिस्सा करावी. बँड लावू नये, मला तो कधीच आवडला नाही. उरलेलं टिनाला, छपरासाठी. पुढच्या पावसाआधी छप्पर करून घे गं बाई, माझ्यासारखी बादल्या मांडत बसू नकोस.

कलम ३. पान्यांची पेटी जुन्या भाईंदरच्या धनेशला. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. अट एकच, पाना वापरल्यावर पुसून ठेवायचा. तो पुसणार नाही, मी त्याला ओळखतो. तरी त्यालाच.

कलम ४. हे कलम गाळा, असं काशीमीऱ्याचे वकील मला दोनदा म्हणाले. खेळ ही मालमत्ता नव्हे म्हणे. मी म्हटलं, साहेब, घरापेक्षा माझा जास्त जीव यात आहे, राहू द्या गपचूप.

खेळ असा. सगळे टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो. वादळ, चाचे, राक्षस सगळं त्याच्या हातात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. जमलं की फसलं, ते वीस तोंडांचा फासा ठरवतो. एका फिलिपिनो कुकने हा मला जहाजावर शिकवला. मी तो घरी आणला, समुद्र आपला घातला, आणि दर रविवारी मिस्सानंतर माझ्या ओटीवर चालवत आलो. ही चालवणाऱ्याची खुर्ची, फासे, आणि मी होडीच्या जुन्या लाकडातून कोरलेले मोहरे मी टिनाला देतो.

टिना, गोष्ट कोणीही सांगेल. खरं काम राक्षस मोजण्याचं. हलका झाला तर सगळे जांभया देतात. जड झाला तर मरतात, आणि पुढच्या रविवारी प्रत्येकाला कुठलं तरी लग्न असतं. किती जण बसलेत ते बघून त्याचं बळ ठरवायचं. फासा उघड्यावर टाकायचा, मुठीत नाही.

माणूसही बघायचा. धनेश आधी मारतो, मग विचार करतो. त्याच्यापुढे मारता न येणारी गोष्ट ठेव, एखादा लाचखाऊ कस्टमवाला वगैरे. शांती नगरची रीमा मास्तरीण आहे, ती सगळ्याचा हिशोब लावत बसते. तिला वेळ कमी द्यायचा. माझं वाळूचं घड्याळ मी तिलाच देतो, आता बघ म्हणावं. साहिल आमच्यातला भित्रा, दर रविवारी विचारतो, "अंकल, मेरा वाला मरेगा तो नहीं ना?" आणि मागे लपतो. त्याला मारू नकोस. त्याच्या शेजारच्याला मार, मग तो आपोआप पुढे येतो. त्याला माझा जहाजावरचा पितळी कंदील.

कलम ५. एल्रॉयबद्दल.

आज टिना ज्या खुर्चीत खेळायला बसते, तिच्यात नऊ वर्षांपूर्वी तो बसायचा. त्याचं पात्र म्हणजे एक म्हातारा नाखवा. एका रविवारी समुद्रराक्षस येणार होता, चौघांसाठी मोजलेला. धनेशच्या होडीला पाण्यात ढकलायचं होतं, भरती कोणासाठी थांबत नाही, तो आला नाही. बसले तिघे. मी विचारलं, राक्षस कमी करू का? एल्रॉय म्हणाला, "कमी कराची गरज न्हाय. मी हाय ना."

खेळातली होडी फुटायला आली तेव्हा नाखव्याने रीमा-साहिलला लहान होडीत घातलं आणि स्वतः दोर धरून मागे राहिला. फासा पडला, एक, म्हणजे सगळ्यात वाईट. नाखवा बुडाला. रीमा रडली. आमच्या टेबलावर एवढं चांगलं पुन्हा काही घडलं नाही.

आणि एल्रॉय उठून म्हणाला, "वाटणीचा राग माझ्या नाखव्यावर काढलास!" तेव्हा घराची वाटणी चालू होती. संध्याकाळी फ्रीज दाराला लागला. मी राग काढला नव्हता. मी त्याला विचारलं होतं, त्यानेच नको म्हटलं, हे मी मरताना पण म्हणेन. पण भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येतो आणि मला फार वाईट वाटतं. एवढा हट्टी माणूस खानदानात दुसरा नाही. म्हणजे, मी सोडून.

नाखव्याचा मोहरा मी घरातल्या आल्तारावर, क्रूसापाशी ठेवला आहे. मेलेलं पात्र आमच्यात परत येत नाही. पण नाखव्याला भाऊ असू शकतो.

एल्रॉयला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा आम्हा ख्रिस्ती लोकांचा कायदा आहे, आणि मला तो साक्षीदार हवा आहे. "अंकल, पपा येणार न्हाय," टिना म्हणते. येईल. घ्यायचं काही नसलं की तो ताठ मानेने येतो. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण तो वाचेल. तो औषधाच्या बाटलीवरचं लेबलही शेवटपर्यंत वाचतो.

कलम ६. माझी मिस्सा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी तोच समुद्रराक्षस वर काढावा. मी वाचलो, तर घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी. मी बाजूला बसून बघेन, तोंड घालणार नाही. टिना माझ्या खुर्चीत गेली की बसणार तिघे, धनेश, रीमा, साहिल. तरीही राक्षस चौघांचाच मोजावा. एक दातसुद्धा कमी करू नये.

टिनाला हे सांगितलं तर ओरडलीच. "अंकल, तिघं मरतील ना!"

हो, मरतील. चौथा आला नाही तर नक्की मरतील.

या सहा कलमांपलीकडे माझी कुठलीच इच्छा शिल्लक नाही. अंमलबजावणी रीमाने करावी, ती हिशोबाला पक्की आहे. वरील सर्व माझ्या हातचं आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही करतो.

मेल्रॉय सायमन घोन्साल्विस
उत्तन, दिनांक १२ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: डॉ. दिव्या म्हात्रे, भाईंदर. सही करणारे शुद्धीवर असून वाद घालण्याच्या स्थितीत आहेत.

साक्षीदार २: एल्रॉय सायमन घोन्साल्विस, उत्तन.
सगला वाचला. टिना, कमी करू नको. मी हाय.