बांधावरची ओल

११ नोव्हें.
आमच्या वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध रविवारी सकाळी फुटला. साहेब म्हणाले, ‘बांधाची तपासणी तुझ्याकडे, तूच फोटो काढून आण.’ जीपमधून उतरले तर जागा ओळखू येईना. नाला, धानाची शेतं, ढिवर मासेमारांची बोडी म्हणजे लहान तळं, सगळं एकच करडं. बोडीत जिथं कंबरभर पाणी होतं तिथं बगळा चालत होता. पाय उमटत होते.

मारोतीभाऊ भेटले. याच बोडीत मासेमारी करतात. मला वाटलं, ओरडतील. नुसतं ‘आल्या का मॅडम’ म्हणाले.

सतरा फोटो. पुढे काढवेना.

१२ नोव्हें.
लिहून टाकते. ऑगस्टमधे फेरीवर होते तेव्हा मारोतीभाऊंनीच बांधाच्या पायथ्याशी नेऊन दाखवलं होतं. ‘मॅडम, इथी पानी झिरपून राह्यलं. अन् गढूळ येते. साफ आलं असतं तं भेव नाई.’ गढूळ म्हणजे आतली माती वाहतेय. मी हे कॉलेजात शिकले, मारोतीभाऊ बोडीची पाळ राखून शिकले.

साहेबांना सांगितलं. ‘पावसाळ्यात सगळेच बांध पाझरतात. रजिस्टरमधे कशाला?’
मी रजिस्टरमधे लिहिलं: किरकोळ ओल, धोका नाही. खाली सही. कोणी हात धरून लिहायला लावलं नव्हतं.

१४ नोव्हें.
रजा टाकून स्कूटीनं गेले. का, ते माहीत नाही. मारोतीभाऊंची बायको सुमनबाई गुडघाभर राखेत उभी राहून जाळं ओढत होती. निघेना. मीही हात लावला. फाटलं.

‘तुमी साहेबाले सांगतलं होतं ना?’ तिनं विचारलं.
‘हो.’
‘मंग त्यायनं काऊन नाई आयकलं?’
मी काही बोलायच्या आत काठावरून मारोतीभाऊच म्हणाले, ‘मॅडमनं सांगतलंच असन व. मी गावात सर्वायले तेच सांगून राह्यलो.’

पाच दिवस हा माणूस माझी बाजू घेतोय. चहा दिला. प्यायले, हेही लिहून ठेवते.

१६ नोव्हें.
साहेबांनी केबिनमधे बोलावलं. उद्या नाही, परवा चौकशी समिती. ‘घुशींनी बिळं केली, असं सांगू. रजिस्टर तसंही तुझ्याच अक्षरात आहे.’ आवाज अगदी मऊ.

१७ नोव्हें.
समितीच्या आधी मारोतीभाऊंना सांगायचं ठरवलं. गेले. अंगणात उभ्यानंच सांगितलं, मी ‘धोका नाही’ लिहिलं होतं.

मारोतीभाऊ म्हणाले, ‘मले लिवता येत नाई, म्हणून तुमाले दाखवलं होतं.’

‘उद्या काय लिवाल?’ त्यांनीच विचारलं.
‘खरं.’
‘मंग इथीच लिवा. सुमन सातवी शिकली हाय. वाचून दाखवन.’

ओट्यावर बसून चार ओळी लिहिल्या. सुमनबाईनं बोट ठेवत ठेवत मोठ्यानं वाचल्या. माझ्या नावाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाची घडी करून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. निघताना मारोतीभाऊंनी ‘या’ म्हटलं नाही. मीही कागद मागितला नाही.

१८ नोव्हें., सकाळ
अकराला समिती. तोच मजकूर पुन्हा लिहायला बसलेय. काल त्यांच्या ओट्यावर सरळ उतरला होता. आज पहिल्याच शब्दाला पेन अडलंय. ‘साहेबांनी’ लिहून खोडलं. ‘मी’ लिहिलं. ते खोडलेलं नाही.