ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत

९ फेब्रुवारी

चिरंजीवांनी आज शेवटी तोंड उघडलं. "आई, तिथले नियम बदललेत. ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत." म्हणून हा मला न्यायचं टाळत होता! आणि मी त्याला काय काय बोलले. पोराला सांगवत नव्हतं, दुसरं काय.

यांना बघून सात महिने झाले. यांच्या शुश्रूषागृहातून परत येताना मी बसच्या पायरीवरून पडले, खुबा मोडला. पर्स बसमध्येच राहिली, कार्ड तिच्यात. मग दोन ऑपरेशनं, पाच आठवडे इस्पितळ, आणि तेव्हापासून हा पलंग. त्याआधी रोज जायची मी. चार ते सहा. यांची उजवी बाजू झटक्याने गेलेली, कान त्याआधीच गेलेले – फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. पण समोर बसून हात धरला की सगळं कळतं त्यांना.

कार्ड पाहिजे ना? काढते.

१० फेब्रुवारी

चिरंजीवांना सांगितलं, नवीन कार्ड काढायचंय. चेहरा एवढासा झाला. "त्याला स्वतः जावं लागतं आई. तीन मजले उतरून? डॉक्टर काय म्हणाले विसरलीस?"

विसरले नाही. पण मी एकतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली वीस पार्सलच्या खिडकीवर. ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक कार्यालयात एक वेगळा अर्ज असतोच. तो भिंतीवर लावत नाहीत एवढंच.

१३ फेब्रुवारी

आहे! घरभेटीचा अर्ज आहे! मावशी – सकाळी मला आंघोळ घालायला येते ती – जाता जाता कार्यालयात डोकावली आणि घेऊनच आली. डॉक्टरांचा दाखला जोडायचा, मग ते यंत्र घेऊन घरी येतात. फोटो, बोटांचे ठसे, सगळं पलंगावर.

चिरंजीवांना दाखवला. वाटलं उडी मारेल. "बरं," म्हणाला. बरं!

२१ फेब्रुवारी

दाखला आणायला विसरला.

२६ फेब्रुवारी

दाखला आणला. अर्ज ऑफिसात विसरला.

१ मार्च

आता अर्ज सापडत नाही म्हणे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! चाळिशी उलटलेला माणूस, हाताखाली बारा जण, आणि आईचा एक कागद सांभाळता येत नाही. खूप बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२ मार्च

रविवार. चिरंजीव आज यांच्याकडे जाऊन आले. "बाबा बरे आहेत. तू वेळेवर जेवतेस का, औषध घेतेस का, विचारत होते."

हे? हे विचारत होते? एक्कावन्न वर्षांच्या संसारात यांनी मला एकदाही विचारलं नाही, जेवलीस का म्हणून. ताटावर बसले की 'मीठ' एवढा एकच शब्द. आजारपणाने माणूस सुधारतो म्हणायचं! पण खोटं कशाला लिहू – बरं वाटलं. दुपारभर तेच घोळवत पडले होते.

५ मार्च

चिरंजीवांचा नाद सोडला. डॉक्टरांना मीच फोन केला. नवा अर्ज मावशीने आणला. मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला, पाठीमागे उशी लावून, तीन बैठकांत. विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं, सगळं रीतसर. हात थरथरतो, अक्षर मात्र अजून कुणाला नावं ठेवू देणार नाही.

मावशीला बजावलं – अर्ज दिला म्हणून तशीच परतू नकोस. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. "देत नाहीत म्हणाले तर?" मग तिथेच बस म्हटलं. घाईला आलेल्या माणसाला परत पाठवतात, बसून राहणाऱ्याला नाही.

६ मार्च

शिक्का मिळाला! मावशी दोन तास बसली म्हणे. तिला जुनी निळी शाल दिली. आवक क्रमांक ११४८.

१७ मार्च

काही नाही.

२५ मार्च

कार्यालयाला फोन केला. "यादीत नाव आहे आजी, तुमच्या भागाचा नंबर लागला की कळवू." आजी म्हणाली ती मला! पण आवाज गोड होता, म्हणून गप्प बसले.

एक म्हातारबुवा सारखे आठवतात. मुलीने बाहेरगावाहून पाठवलेलं पार्सल घ्यायला आले होते. ओळखपत्र दाखवा म्हटलं. नव्हतं. तीन दिवस लागोपाठ आले, तिन्ही दिवस मी नन्नाचा पाढा वाचला. मला माहीत होतं ते कोण आहेत. आमच्याच गल्लीत राहायचे. चौथ्या दिवशी आलेच नाहीत आणि मुदत संपल्यावर पार्सल परत गेलं. खिडकीच्या आत बसलं की नियम फार सोपे वाटतात. लाज वाटते आता.

८ एप्रिल

शुश्रूषागृहाला फोन लावला. म्हटलं, बोलता नाही आलं तर निदान कसे आहेत ते तरी विचारू. "पेशंटची माहिती फक्त नोंदवलेल्या नातेवाइकालाच देतो." नोंदवलेला नातेवाईक चिरंजीव! मी म्हटलं, मी बायको आहे त्यांची. "हो, पण फोनवर कसं ओळखणार आम्ही?"

बरोबर आहे तिचं. मीसुद्धा हेच म्हणाले असते. फोन ठेवला आणि रडले.

१३ एप्रिल

आज भडका उडाला. मी सहज म्हटलं, घरभेट लवकर झाली तर पुढच्या महिन्यात खुर्चीवरून खाली न्यायला दोन माणसं बघून ठेव. तर एकदम ओरडला, "कशाला एवढा अट्टाहास आई? बाबांना कुठे काय कळणार आहे?"

कळणार नाही? मी समोर बसले तर यांना कळणार नाही? त्याला म्हटलं, चालता हो इथून. तो स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ नळ चालू होता. भांडी तर मावशीने सकाळीच घासून ठेवली होती.

१५ एप्रिल

अबोला. जेवण आणून ठेवतो, जातो. मीही बोलत नाही. हट्टाला माझ्याच वळणावर गेलाय.

२२ एप्रिल

फोन आला! सहा मेला येणार. फोटोसाठी टेकू न घेता ताठ बसावं लागतं, मागे पांढरा पडदा. मी टेकू न घेता बसते ते फार तर दोन मिनिटं, मग खुब्यातून कळ निघते ती थेट दातांपर्यंत.

आजपासून सराव.

२७ एप्रिल

चार मिनिटं. घाम फुटला.

२ मे

सात मिनिटं. मावशी घड्याळ धरून बसते आणि मध्येच खोटं सांगते, झालं झालं म्हणून. तिला दटावलं.

४ मे

रविवार. चिरंजीव जाऊन आले. अबोला आपोआपच मिटला, लेकराशी किती दिवस धरणार. म्हटलं, हे काय म्हणाले? "वाट बघतायत तुझी." आणि खिडकीकडे गेला. म्हटलं, सांग त्यांना, येतेय. थोडी कळ काढा म्हणावं. इतकी वर्षं मी काढली, आता तुमची पाळी.

फार वाळलाय चिरंजीव. शर्ट खांद्यावरून ओघळतो. हे दोन पलंग एकटा सांभाळतोय, इथला आणि तिथला. मी उगाच टाकून बोलते त्याला.

६ मे

झालं! एकदाचं झालं!

पोरगेलीशी बाई आली, पाठीवर यंत्राची पेटी. तीन मजले चढून धापा टाकत होती. मावशीने मागे पांढरी चादर धरली. मी नऊ मिनिटं बसले. नऊ! फोटोत हसायचं नाही म्हणाली. म्हटलं, बाई, मला कळ येतेय, हसतंय कोण. तीच हसली.

ठसे पहिल्या फटक्यात उठले. जुन्या कार्डाचा नंबर तोंडपाठ सांगितला. यांच्या कार्डाचाही विचारला तिने, तोही सांगितला. ती यंत्रात बघत राहिली. मग म्हणाली, "घरात आणखी कोण असतं?" मुलगा असतो, संध्याकाळी येतो. "बरं." पाणी मागितलं, भांडंभर प्यायली, आणि निघताना माझ्या पायावरचं पांघरूण सारखं करून गेली. सरकारी माणसात इतकी माया असते हे मला माहीत नव्हतं. माझ्यात तरी नव्हती.

चार आठवड्यांत टपालाने येईल. चिरंजीवांना सांगितलं. बाजूला येऊन बसला.

१९ मे

कपाटातून फिकट हिरवी साडी काढून घेतली. यांना आवडते असं नाही, यांना कुठलीच आवडत नाही. पण ओळखतात ती. केस धुवायचे, नखं कापायची. मावशी म्हणते, नवरीसारखं चाललंय. म्हटलं, नवरी होते तेव्हा एवढी घाई नव्हती.

३० मे

चिरंजीव दोनदा येऊन पलंगाशी बसले. "आई, एक बोलायचंय." मी म्हटलं बोल. "काही नाही." नोकरीचं काही असेल. की पुन्हा तेच, तुला झेपणार नाही? ते ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून मीही खोदून विचारलं नाही.

३ जून

कार्ड आलं. पोस्टमन वर आला, मी सही करून घेतलं. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. फोटोत दात आवळलेत, पण मीच आहे.

आणि खाली काय दिवे लावलेत! 'वैवाहिक स्थिती : विधवा.' डोळे मिटून काम करतात का मेले? म्हातारी दिसली की ठोकून द्यायचं! हे कार्ड घेऊन मी यांच्या दारात जाऊ? लगेच कागद घेतला. 'विषय : ओळखपत्रातील चुकीच्या नोंदीबाबत. महोदय, माझे पती हयात असून' इथपर्यंत आले तर खुब्यात कळ आली. उरलेला संध्याकाळी पुरा करते. साक्षीदार म्हणून चिरंजीवांची सही लागेल.

४ जून

अकरा ऑगस्ट. गेल्या वर्षी. मी दुसऱ्या ऑपरेशनच्या गुंगीत होते. त्याने एकट्याने सगळं केलं, आणि मला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

दुरुस्तीचा अर्ज फाडला. कार्डात चूक नाही.