तुझे दात आणि विहिरीचं पाणी

आई, गेल्या आठवड्यात देवणीकडच्या एका शाळेत मुलांचे दात तपासायला गेले होते, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तिसरीतली एक मुलगी तोंडच उघडेना. "घासत न्हाई ती, मॅडम," गुरुजी वर्गासमोर म्हणाले. तिची आई दारात उभी होती. तोंडाला पदर लावून म्हणाली, "लई घासते हो. राखुंडीनं हिरड्या सोलल्या, तरी डाग जाईनात." मुलीचे दात तपकिरी होते, पण किडलेला एकही नव्हता. अगदी तुझ्यासारखे.

मी गुरुजींना सांगितलं, ही घाण नाही, पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग आहेत. थोडं फ्लोराइड दाताला किडीपासून वाचवतं. लातुरातल्या पोरांना मीच त्याची पेस्ट वापरायला सांगते. पण तुमच्या बोअरला ते जास्त दिसतंय, आणि फार झालं तर हाडंही धरतात. पाणी तपासून घ्या. बोलताना माझा आवाज चढला. त्या बिचाऱ्यांवर कशाला चिडायचं?

अकरावीला मी नांदेडच्या हॉस्टेलवर होते. तू शेंगदाण्याची चटणी घेऊन एसटीनं आलीस, मला बघून तोंडाला पदर लावायचं विसरून हसलीस. मैत्रिणीनं विचारलं, "कोण गं या?" मी म्हटलं, "शेजारच्या मावशी." तू ऐकलंस. तिला म्हणालीस, "हाव, शेजारचीच हाय मी." डबा माझ्या हातात दिलास आणि परतीच्या गाडीनं गेलीस. त्यावर पुन्हा कधी बोलली नाहीस.

पुढे दातांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हा धडा आला. पुस्तकातल्या फोटोत तुझेच दात. तुझ्या माहेरच्या विहिरीचं पाणी, दुसरं काही नाही. त्या सुट्टीत घरी आले. तू चुलीपुढं भाकरी थापतेयस, मी पाटावर बसलेय. "काय शिकीवलं गं यंदा?" तू विचारतेस. सगळं ओठांवर आहे. पण ते सांगायचं तर नांदेडच्या त्या दिवसाचा विषयही काढावा लागेल. मी म्हणते, "लई काय काय," आणि ताट पुढं ओढते.

शाळेतल्या त्या मुलीच्या आईला दहा मिनिटांत सगळं समजावलं. ऐकून तिनं पदर खाली घेतला.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? तू लवकर गेलीस, सांगायचं राहून गेलं, अशी मी मनाची समजूत घालत आले. खरं तर त्या सुट्टीनंतर तू सहा वर्षं होतीस, आई.